छावणीचा धर्म आणि कीर्तनातला ख्रिस्त

निजामाच्या मुलखात, वऱ्हाडच्या सीमेला लागून असलेल्या हिंगोली गावी एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. निजामाने खर्च सोसावा आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांनी द्यावा, अशा शिरस्त्याने उभी राहिलेली ही फौज. तिच्या खर्चाची बाकी तुंबली म्हणून 1853 च्या करारनाम्याने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली झाला आणि पुढे 1902 साली लॉर्ड कर्झनने वार्षिक 25 लाख रुपयांच्या मोबदल्यात तोच प्रांत कायमच्या पट्ट्याने घेतल्यावर, 1903 साली कंटिंजंट हिंदी लष्करात विलीन होऊन हिंगोलीची छावणीही उठली. कयाधूच्या काठच्या या मुलखाला ख्रिस्ती धर्माची ओळख प्रथम झाली असेल ती या छावणीच्या रूपाने, म्हणजे राज्यकर्त्यांचा धर्म म्हणून. साहेबाची उपासना इंग्रजीत, साहेबाची स्तोत्रे विलायती चालींवर, आणि साहेबाचा देव रयतेपासून तितकाच दूर, जितका त्याचा बंगला.

उत्तर हिंदुस्थानातील मोठ्या छावण्यांतून तर हे दृश्य अधिकच बोलके होते. 10 मे 1857 रोजी, रविवारी, मेरठला उठाव झाला, त्यानंतर गोऱ्या पलटणींनी प्रार्थनेला बंदुका घेऊनच जावे असा परिपाठ पडला आणि प्रार्थनामंदिरातील बाकांना बंदुका टेकवण्यासाठी खाचा करण्यात आल्या. शत्रूवर प्रीती करा असे सांगणाऱ्या गुरूच्या नावाने उभारलेल्या मंदिरातील ती खाच पाहिली, म्हणजे कोणत्याही विचारी भाविकाच्या मनात एक प्रश्न उभा राहिल्यावाचून राहत नाही. या धर्मात ख्रिस्ताचे किती, आणि ज्या ज्या राष्ट्रांतून, दरबारांतून आणि शतकांतून तो आपल्यापर्यंत आला, त्यांचे किती?

हा प्रश्न युरोपातील पंडितांनी एकोणिसाव्या शतकात हस्तलिखितांची चिकित्सा करून सोडवू पाहिला. महाराष्ट्रातील मराठी ख्रिस्ती माणसांनी मात्र तो आपल्या अंगणात, आपल्या ताटात आणि आपल्या भजनात सोडवला, आणि त्यासाठी त्यांनी दोन साधने वापरली, इतिहास आणि हास्य. ही दोन्ही साधने त्यांना परक्याकडून उसनी आणावी लागली नाहीत. त्यांचा उगम मराठवाड्याच्या मातीत, हिंगोली जिल्ह्याच्या परिसरातच सापडतो, असे माझे म्हणणे आहे.

1999 साली परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात नर्सी हे गाव आहे, जे परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, आणि येथेच औंढा नागनाथाचे पुरातन देवालय आहे. महिपतीसारख्या चरित्रकारांनी आणि कीर्तनकारांनी शतकानुशतके घरोघर पोहोचवलेली नामदेवांची कथा सर्वश्रुतच आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईच्या सूचनेवरून तेरच्या गोरोबाकाकांनी मडकी पारखण्याचे थापटणे उचलले आणि एकेकाच्या मस्तकावर ठोकून पाहिले. इतर संत निमूट बसले. देवाशी प्रत्यक्ष बोलणारे, देवाला नैवेद्य भरवणारे नामदेव तेवढे रागावले, आणि हे मडके अजून कच्चे आहे असा निर्वाळा गोरोबांनी दिला. अपमानित होऊन नामदेव विठ्ठलाकडे गेले, विठ्ठलाने त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवले, आणि ते औंढ्याच्या देवालयात येऊन पाहतात तो विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून स्वस्थ पडलेले! पाय बाजूला करा, असे संतापाने म्हणणाऱ्या शिष्याला गुरूने सांगितले, बाबा रे, जेथे देव नाही अशा जागी तूच ते उचलून ठेव. नामदेव पाय उचलून जेथे ठेवू जातात, तेथे तेथे लिंग प्रकट होते.

या कथेला श्रोते हसतात, आणि हसता हसता त्यांच्या हाती जे तत्त्व लागते ते गंभीर शास्त्रार्थाने लागले नसते. देवाला एका जागी, एका मूर्तीत, एका जातीच्या गाभाऱ्यात कोंडून ठेवणाऱ्या श्रद्धेला येथे हास्याने मोकळे केले आहे, आणि श्रद्धेचा उपहास मात्र कोठेही नाही. याच देवालयाविषयी सांगतात की, पुजाऱ्यांनी समोरून हाकलल्यावर नामदेव मागे जाऊन कीर्तन करू लागले, तेव्हा मंदिरच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. मंदिराच्या पाठीमागे असलेला नंदी भाविक आजही त्याची साक्ष म्हणून दाखवतात. मंदिर फिरले की नाही हे इतिहासाला विचारण्यात अर्थ नाही. ज्या समाजाने ही कथा जपली, त्याने देव कोणाच्या बाजूला तोंड करतो याविषयीचा आपला निवाडा तीत नोंदवून ठेवला आहे. पुढे महाराष्ट्रात ख्रिस्ती झालेल्या माणसांच्या कानांवर अशा कथा लहानपणापासून पडलेल्या होत्या, आणि बाप्तिस्म्याच्या पाण्याने त्या पुसल्या गेल्या नाहीत.

ख्रिस्ताला मराठी वेष देण्याचा पहिला मोठा उद्योग एका इंग्रजाने केला. 1579 साली गोव्यास आलेल्या फादर स्टीफन्स या जेझुइट साधूने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि ते 1616 साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. ग्रंथारंभी नवख्रिस्ती मंडळी आपल्या गुरूकडे गाऱ्हाणे मांडतात, ते ध्यानात घेण्यासारखे आहे. आमची जुनी पुराणे तुम्ही सोडायला लावलीत. आता संध्याकाळी जमून ऐकावे असे पुराण आम्हाला द्या. धर्म बदलला तरी कान बदलत नाहीत, हे त्या परदेशी साधूने ओळखले. परंतु ज्या गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशनचे न्यायासन बसले होते आणि जेथे 1684 साली तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचे फर्मान निघाले, तेथे या उद्योगाला वंश राहिला नाही. तोच धागा पुन्हा हाती यायला अडीचशे वर्षे लागली, आणि या वेळी तो देशी माणसांच्या हाती आला.

अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली अहमदनगरला ठाणे केले. तेथील हेन्री बॅलंटाइन यांनी मराठी स्तोत्रे रचली ती बहुधा विलायती चालींवर, आणि मराठी कंठाला त्या चाली मुळीच मानवत नव्हत्या. कृष्णराव रत्नोजी सांगळे हे नगरचे ख्रिस्ती कवी. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1860 नंतरच्या दशकात ख्रिस्तचरित्रावर कीर्तन सुरू केले. कीर्तनाचे स्वरूप मराठी श्रोत्याला सांगायला नको. आरंभी नमन, मग अभंग घेऊन पूर्वरंगात तत्त्वनिरूपण, मध्ये नामघोष, आणि उत्तररंगात आख्यान. आता आख्यानाच्या जागी उधळ्या पुत्राची कथा ठेवून पाहा. धाकट्याने जिवंतपणीच बापाकडे वाटणी मागितली, परमुलखात ती उडवली, डुकरे राखण्याची पाळी आली आणि तो परत फिरला. म्हातारा बाप दुरूनच त्याला पाहून धावत सुटला. जमिनीच्या वाटणीवरून भाऊबंदकी म्हणजे काय हे पुरते जाणणाऱ्या खेड्यातील श्रोत्यांना या आख्यानावर भाष्य लागत नाही. टाळ-मृदंगाच्या साथीने ते ऐकताना वडील भावाच्या कुरकुरीला ते हसतात, बापाच्या धावण्याला त्यांचे डोळे भरतात, आणि हा धर्म परका आहे याचा त्यांना विसर पडतो.

मराठवाड्यातही याच सुमारास एक निराळा प्रयोग चालू होता. 1843 साली मुंबईत ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री हे ब्राह्मण गृहस्थ जालना येथे येऊन राहिले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, अल्पवयीन म्हणून न्यायालयाने त्याला आईबापांच्या स्वाधीन केला, आणि मिशनऱ्यांकडे राहिलेल्या या मुलाला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे की नाही यावरून मुंबईच्या ब्राह्मण समाजात मोठे वादळ उठले. त्याला परत घ्यावे म्हणून झटणारे बाळशास्त्री जांभेकर यांनाही त्याचा ताप सोसावा लागला. धर्माची सीमा ही पुष्कळदा जेवणाच्या पंक्तीची सीमा असते, हे त्या प्रकरणाने उघड केले. नारायण शेषाद्रींनी ही पंक्तीच मोडली. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसवले, आणि तेथे बहुसंख्य वस्ती मांग-महार बांधवांची झाली. ज्याच्या जन्मजातीला त्यांची सावली वर्ज्य, तो त्यांच्यामध्ये घर करून राहिला. 1873 साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत ते गेले, तेही पागोटे न सोडता. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेब होणे नव्हे, हे निजामाच्या रयतेने आणि अमेरिकेच्या सभासदांनी एकाच माणसाच्या वेषावरून वाचावे, अशी ती वागणूक होती.

इतिहासाचे साधन सर्वांत धीटपणे वापरले ते पंडिता रमाबाईंनी. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण त्यासोबत आपली बुद्धी कोणाच्या पायाशी वाहिली नाही. त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डीन हिच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार पुढे 1977 साली प्रसिद्ध झाला. तो वाचताना या विदुषीच्या निर्भयतेने मन भरून येते. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नाहीत, असे त्या विचारतात. लॅटिन ही देवाला अधिक प्रिय भाषा आहे काय? पुडिंगमध्ये अंडे असेल तर त्या ते खात नाहीत, आणि शाकाहार सोडण्याशी ख्रिस्ताचा संबंध काय हे त्यांना कोणी पटवून देऊ शकत नाही. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे हिंदुस्थानातील बिशपांनी कळवले, तेव्हा त्यांचा संताप अनावर झाला. स्वदेशी शास्त्र्यांच्या सभेत निर्भयपणे बोललेल्या स्त्रीला आता नव्या धर्माचे शास्त्री गप्प बसवू पाहत होते! त्रैक्याच्या सिद्धांतापासून धर्माधिकाऱ्यांच्या अधिकारापर्यंत प्रत्येक गोष्टीला त्यांनी एकच कसोटी लावली, ती म्हणजे हे खुद्द ख्रिस्ताच्या वचनात आहे की नंतरच्या माणसांनी ठरवले. त्याच कसोटीसाठी पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि 1922 साली मृत्यू येईपर्यंत सोप्या मराठीत बायबल उतरवीत राहिल्या.

ही कसोटी लावली की सनातन वाटणाऱ्या पुष्कळ गोष्टींवर सालाचा शिक्का दिसू लागतो. येशूच्या जन्माची तारीख शुभवर्तमानांत नाही. 25 डिसेंबरचा पहिला स्पष्ट दाखला मिळतो तो रोममधल्या 354 सालच्या एका पंचांगवजा ग्रंथात. देवळातील लाकडी बाके, ज्यांच्यावाचून मंदिर अपुरे असे मिशनऱ्यांना वाटे, ती युरोपातच मध्ययुगाच्या अखेरीस रूढ झाली. त्याआधी लोक उभे राहून उपासना करीत. शेवटच्या भोजनाचे जे चित्र घराघरांतील भिंतींवर टांगलेले असते, त्यातील उंच मेज पंधराव्या शतकातील इटलीचे आहे. पहिल्या शतकातील ज्यू मंडळी सणाच्या भोजनाला कुशीवर रेलून बसत. म्हणजे सतरंजीवर मांडी घालून बसणारा नगरचा ख्रिस्ती शेतकरी हा खुर्चीवरील साहेबापेक्षा ख्रिस्ताच्या पंक्तीला अधिक जवळ होता. हे कळल्याने श्रद्धा उणावत नाही. तिच्या अंगावर चढलेला परक्या शतकांचा अंगरखा तेवढा उतरतो.

या सर्व धारांचा संगम झाला तो नारायण वामन टिळकांच्या आयुष्यात. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधले, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तोही आग्रहाने हिंदी पाळकाच्या हातून. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. त्यांनी ख्रिस्ताला गुरू म्हटले, माउली म्हटले, आणि अभंग, ओवी, आरती ही सारी रूपे उपासनेत आणली. आज मराठी मंडळ्यांतून गायिल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीता’त त्यांची पदे शेकड्यांनी मोजावी इतकी आहेत. 1917 साली त्यांनी मिशनची चाकरी सोडली, अंगावर कफनी घेतली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य एकत्र बसावेत, अशी त्यांची योजना होती. बाप्तिस्मा हा अंतरीच्या निष्ठेचा संस्कार न राहता दोन समाजांमधले कुंपण झाला आहे, या जाणिवेतून त्यांनी हे धाडस केले. 9 मे 1919 रोजी ते वारले आणि दरबार बाल्यावस्थेतच राहिला. परंतु त्यांचे चरित्र लिहिणाऱ्या विन्स्लो यांनी 1922 साली स्थापिलेल्या ख्रिस्त सेवा संघात त्या कल्पनेचा पुढचा श्वास ऐकू येतो.

टिळकांनी जे काव्याने साधले, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी हास्याने साधले. सत्तावन सालच्या बंडात आजोबांना फाशी झाली. त्या धक्क्यातून वडिलांच्या मनात सोवळ्याचे असे वेड भरले की बाहेरून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात येईना. त्या घरात वाढलेली ही मुलगी. नवरा ख्रिस्ती झाला, काही वर्षांची ताटातूट झाली, मग ती परत त्याच्याजवळ आली तीही आपली चूल आणि आपले पाणी वेगळे राखून. एकाच छपराखाली ख्रिस्ती टिळक आणि सोवळ्यातल्या लक्ष्मीबाई असा संसार चालला. टिळकांनी तिच्यावर जबरी केली नाही, आणि तिनेही कोणाच्या उपदेशाने पाऊल उचलले नाही. जात ही देवाने केलेली नाही, माणसाने केली आहे, हे तिचे तिलाच उमगले, तेव्हा आधी सोवळे सुटले आणि मागाहून बाप्तिस्मा आला. 1934 पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’त ही कहाणी तिने सांगितली आहे, आणि ती सांगताना वडिलांचे सोवळे, टिळकांचा विसरभोळा औदार्याचा झपाटा आणि स्वतःचा हट्ट यांपैकी कशालाही तिने हसण्यातून सूट दिलेली नाही. तिच्या हसण्यात द्वेषाचा कण नाही. जुन्या धर्मावर सूड म्हणून किंवा नव्या धर्माची जाहिरात म्हणून ती हसत नाही. माणूस देवाच्या नावावर किती अनावश्यक ओझी वाहतो, हे तिला दिसते, आणि दिसल्याबरोबर तिचे ओझे खाली उतरते. गोरोबांच्या थापटण्याचे काम विसाव्या शतकात या जेमतेम लिहायला शिकलेल्या बाईच्या लेखणीने केले. टिळकांनी अवघे दहा अध्याय लिहून ठेवलेल्या ‘ख्रिस्तायना’ला तिनेच आणखी चौसष्ट अध्यायांची जोड दिली.

टिळक वारले त्याच 1919 साली पुण्याच्या निकोल मॅकनिकोल या स्कॉटिश मिशनऱ्याने ज्ञानेश्वर, मुक्ताबाई, नामदेव, जनाबाई, एकनाथ आणि तुकाराम यांच्या अभंगांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि ग्रंथाच्या नावात त्या अभंगांसाठी दाविदाच्या स्तोत्रांना वापरतात तोच शब्द योजला. जस्टिन ॲबट या मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्याने वार्धक्यात, 1926 पासून, महाराष्ट्रीय संतकवींची मालाच इंग्रजीत आणली आणि नरहर गोडबोले यांच्या साहाय्याने महिपतीचा ‘भक्तविजय’ भाषांतरित केला. मूर्तिपूजकांना सन्मार्ग दाखवावा म्हणून जो पंथ समुद्र ओलांडून आला, त्याचेच उपदेशक नर्सीच्या शिंप्याच्या पोराकडून आणि गंगाखेडच्या दासी जनाबाईकडून भक्ती शिकू लागले. बंदुकीच्या खाचेपासून येथवर येण्यास जे अंतर कापावे लागले, ते कोणत्याही धर्मपरिषदेच्या ठरावाने कापलेले नाही. सांगळ्यांच्या कीर्तनाने, रमाबाईंच्या प्रश्नांनी, टिळकांच्या अभंगांनी आणि लक्ष्मीबाईंच्या हास्याने ते कापले. रोमच्या धर्मपीठाने लोकभाषेतील उपासनेला 1962 ते 1965 च्या व्हॅटिकन परिषदेत जी मोकळीक दिली, ती मराठी ख्रिस्ती माणसाने आपल्यापुरती शतकभर आधीच घेऊन टाकली होती.

जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादला, म्हणजे गोरोबाकाकांच्या तेरच्या परिसरात, भरलेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईचे धर्मगुरू आणि ‘सुबोध बायबल’चे कर्ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे आले. काही जणांनी त्याला विरोध केला, पण मराठवाड्याने त्यांना अध्यक्ष म्हणून ऐकले. ही घटना औदार्याची म्हणून मिरवण्याचे कारण नाही. तिच्यामागे चार शतकांचा हिशेब आहे आणि तो दोन्ही बाजूंनी चुकता झालेला आहे. मराठी भाषेने ख्रिस्ताला ओवी, अभंग आणि कीर्तन दिले. ख्रिस्ती लेखकांनी मराठीला ‘क्रिस्तपुराण’ आणि ‘स्मृतिचित्रे’ दिली. म्हणून हिंगोलीच्या, जालन्याच्या किंवा नगरच्या शाळेत संतवाङ्मय शिकवताना नामदेवांपासून निघालेली रेषा लक्ष्मीबाईंपर्यंत नेली पाहिजे, आणि मराठी मंडळ्यांच्या उपासनेत टिळकांची पदे सवयीने न म्हणता, ती कोणत्या झगड्यातून जन्मली हे जाणून म्हटली पाहिजेत. जी श्रद्धा आपला इतिहास तपासू देते आणि आपल्या ओझ्यावर स्वतः हसू शकते, तिला कोणत्याही मुलखात परके राहावे लागत नाही.